येसराचं पाकीट

गुलमंडीतल्या किराणा दुकानाच्या शेठनं आमचं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, वास घेतला आणि गल्ल्याशेजारी काउंटरवर उभं करून बघितलं. ते पडलं. त्यांनी परत उभं केलं. परत पडलं. "ताई," शेठ म्हणाले, "माल अच्छा असेल, मी नाही म्हणत नाही. पण पहले पाकीट उभं तर राहू द्या."

माझं डोकं असं फिरलं म्हणता! मी येसर विकायला आले होते, सर्कस दाखवायला नाही. पण दुकान मोठं, गर्दीचं, आणि त्या दुकानात जे लागतं ते बघून बाकीचे दुकानदार मागवतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून तोंड गोड ठेवलं, "बघते" म्हणलं आणि बाहेर पडले. पायऱ्या उतरल्यावर मात्र सगळा राग जावेवर काढला. ती माझी धाकटी जाऊ, या धंद्यात माझ्याबरोबर निम्म्यानं. तिनं शांतपणे पिशवी सावरली आणि म्हणाली, "आक्का, खरंय की त्यांचं. रॅकवर झोपलेलं पाकीट कोण उचलतं?"

येसर म्हणजे काय, हे आमच्या मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरच्या आणि बाकीचा मसाला, सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं आणि दळून आणायचं. झालं येसर. लसणाची फोडणी देऊन त्याची आमटी केली की भाकरी कुठं जाते कळत नाही. लग्न ठरलं की भावकीतल्या बाया जमतात आणि येसर भाजायला घेतात. पंगतीला येसराची आमटी नसली तर लोक जेवून उठतात आणि वर्षभर बोलतात. माझ्या हातचं येसर नात्यागोत्यात नावाजलेलं आहे. हे मी माझ्याच तोंडानं सांगते, कारण ते खरं आहे. कितीतरी वर्षं लोक रिकामे डबे पाठवायचे, मी भरून द्यायची, आणि पुढच्या खेपेला डब्यात घालून शेंगदाण्याचे लाडू यायचे. एक दिवस मनात आलं, पुरे झाले लाडू. हे दुकानात दिसलं पाहिजे.

जावेला यात मीच ओढलं. ती चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर होती. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. दुसऱ्या शिफ्टचा आठवडा लागला की तिला तिची लेक फक्त झोपलेली दिसायची. एकदा पोरीनं शाळेत आईचं चित्र काढून आणलं, तर त्यात आई पाठमोरी, खांद्याला पर्स, दारातून बाहेर निघालेली. जाऊ ते चित्र सगळ्यांना दाखवून हसत होती. मला मात्र लई वाईट वाटलं. "सोड ती नोकरी," मी म्हणलं. "ये माझ्याबरोबर. येसर चालणार. मी सांगते ना."

तेव्हा ती पर्स उचलून शिफ्टला गेली. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुळशीच्या लग्नापर्यंत बिनपगारी रजा मिळालीय, आक्का. तवर बघू. जमलं तर जमलं, नाय तर हाय आपली लाइन." मी विचारलं, "मग गळ्यातलं कंपनीचं कार्ड कुठंय?" ती म्हणाली, "रजेवर कशाला घालू? कपाटात ठेवलंय."

म्हणजे आता मुदत पडली. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि येसराचा खरा हंगाम तोच. त्याच्या आत गुलमंडीच्या रॅकवर आमचं पाकीट लागलं तर जाऊ घरी, नाही लागलं तर तिची पर्स परत खांद्याला आणि पोरीचं चित्र खरं. शब्द मी दिला होता. मला येसराबद्दल तिळमात्र शंका नव्हती, पण ते तिचं शांत "बघू" मला कुसळासारखं टोचायचं.

मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. पुढची खोली रिकामी केली, भिंतींना चुना मारला, खिडकीला जाळी लावली, फूड लायसन्स काढलं. भाजणं माझं, पाकीट तिचं. आणि ती बया पाकिटाच्या बाबतीत इतकी कडक निघाली की मी चाटच पडले. सील ओढून बघायची, पाण्यात बुडवून बघायची, भरलेली पाकिटं खिडकीतल्या उन्हात ठेवून रोज वास घ्यायची. माझ्या येसरात मी सुकं खोबरं घालायची. उन्हातल्या पाकिटांना काही दिवसांनी खवट वास आला, तर तिनं पाकीट माझ्या नाकाखाली धरलं. "खोबरं काढा, आक्का." मी म्हणलं, "खोबऱ्याशिवाय येसर? माझ्या सासरी असं कुणी केलं नाही." ती म्हणाली, "माझं बी सासर तेच हाय. पण सासरी येसर रॅकवर नव्हतं ठेवत." काढलं खोबरं. त्याच्या जागी धने जास्त भाजले, तीळ घातले. चव उलट जास्त उघडली, हे मी तिला सांगितलं नाही.

गुलमंडीतून परत आल्यावर तळाला घडी असलेलं, उभं राहणारं पाकीट तिनंच शोधून काढलं. छपाईवाल्याला नाव, वजन, किंमत, बारकोड, किती महिन्यांत वापरायचं, सगळं दिलं. त्यानं फोनवर विचारलं, "मागच्या बाजूला कृती काय टाकू?" मी तेव्हा कढईपाशी होते, धने करपायला आले होते. तशीच फोन खांद्यात धरून बोलले: उकळत्या पाण्यात येसर घाला, मीठ चवीनुसार, एक उकळी येऊ द्या, वरून लसणाची फोडणी. झालं. त्यात सांगण्यासारखं काय आहे? येसराची आमटी आमच्याकडं पोरी फ्रॉकमध्ये असताना शिकतात.

पाकिटं छापून आली, गठ्ठेच्या गठ्ठे. दुकानात नेण्याआधी लोकांकडून करवून बघावं म्हणून हर्सूलला नणंदेकडं दिली, माझ्या मावसबहिणीला दिली, गल्लीतल्या बायांना दिली. सगळीकडून एकच निरोप, एक नंबर. नणंदेनं तर फोन करून सांगितलं, "वहिनी, डोळे मिटून विका." मी पदर खोचला आणि जावेला म्हणलं, "बघितलंस?"

दुसऱ्यांदा गुलमंडीत गेलो तेव्हा पाकीट काउंटरवर ताठ उभं राहिलं. शेठ हसले. मग म्हणाले, "नाव बदला ना, ताई. आमटी मसाला लिहा. बाहेरून आलेल्यांना येसर कळत नाही." मी म्हणलं, "मग कळू द्या की. याचं नाव येसर आहे, येसरच राहील. नको असेल तर सांगा, शहरात दुकानं लई आहेत." जावेनं माझा हात दाबला. शेठनं माझ्याकडं बघितलं, पाकिटाकडं बघितलं, म्हणाले, "ठीक. पण मी नवा माल घरी करून खाल्ल्याशिवाय ठेवत नाही. वर माझी सून आहे, ती करेल. दोन-तीन दिवसांनी या."

मी घरी येताना पेढे घेतले. इतकी माझी खात्री.

दोन-तीन दिवसांनी गेलो तर शेठनं गल्ल्याखालून स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर उघडला. आत पाणी वेगळं आणि त्यात लिंबाएवढाले गोळे. एक गोळा त्यांनी चमच्यानं फोडून दाखवला. आत कोरडं पीठ. "ताई, हे मी गिऱ्हाइकाला देऊ?" शेठ म्हणाले. "गिऱ्हाईक तुमच्याकडं नाही येणार, माझ्या गल्ल्यावर येणार. माफ करा."

जावेचा चेहरा उतरला. तो चेहरा बघून माझा तोल सुटला. "अहो शेठ, तुमच्या सुनेनं येसर गार पाण्यात कालवलंच नाही! तसंच उकळत्या पाण्यात ओतलंय! हे काय आमच्या मालाचं आहे? कुणालाही विचारा, येसर आधी गार पाण्यात कालवतात हे कुणाला माहीत नाही? तिला स्वयंपाक येत नाही त्याला मी काय करू?" दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेठ रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. ते म्हणाले, "मग चला वर. शिकवा तिला."

मी जिन्याकडं निघालेच होते. जावेनं मागून पदर धरला. "आक्का, शिकवायचं नाय," ती हळूच म्हणाली. "आपण रॅकवर पाकिटाबरोबर उभं राहणार हाव का? नुसतं बघायचं. तुम्ही एक शब्द बोललात तर मी उठून घरी जाईन." तिनं मला असं कधी दटावलं नव्हतं. मी गुमान जिना चढले.

शेठची सून इंदूरची. लग्नाला वर्ष झालेलं, बोलायला गोड पोरगी. मराठी वाचता यायची, बोलताना अडखळायची. आम्हाला खुर्च्या दिल्या, शेव दिली. "आंटी, परत करू? मी तसंच करते, जसं लिहिलंय," म्हणाली. पाकीट तिनं ओट्यावर भिंतीला टेकवून उभं केलं, आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली.

पाणी उकळलं. तिनं पाकीट उचललं. मी तोंडात शेव कोंबली. तिनं येसर भसकन उकळत्या पाण्यात ओतलं, आणि वरून ते फुगलं, गोळे झाले, तरंगायला लागले. बिचारी चमच्यानं एकेक गोळा भांड्याच्या कडेला दाबत होती. मग बोट पुढच्या ओळीवर गेलं. "मीठ चवीनुसार," तिनं वाचलं आणि आमच्याकडं वळली. "आंटी, कोणाच्या चवीनुसार?" जावेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी शेव चावत राहिले. मग तिनं वाचलं, एक उकळी येऊ द्या. तिनं गॅस मोठा केला आणि कोथिंबीर आणायला फ्रीजकडं वळली. येसराला मोठ्या आचेवर एकटं सोडत नाहीत हो! भांडं फसफसून उतू गेलं, शेगडी विझली, ओट्यावर ओघळ. पोरगी धावली, फडकं शोधायला लागली. शेवटी फोडणी. लसूण सोला, ठेचा, काही लिहिलेलं नव्हतं. तिनं पाकळ्या अख्ख्या टाकल्या. सोलल्या होत्या, एवढंच नशीब.

शेवटी भांड्याकडं बघत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तर सगळं लिहिल्यासारखंच केलं, आंटी."

देवाशपथ सांगते, मी त्या पोरीची चूक शोधत होते. सापडली असती तर तिथंच धरली असती, सोडली नसती. सापडलीच नाही. आणि मग हर्सूलच्या नणंदेचं, मावसबहिणीचं, गल्लीतल्या बायांचं ते एक नंबर, एक नंबर आठवलं. अगं, त्यांच्यातल्या एकीनं तरी पाकिटाची मागची बाजू वाचली होती का? येसर दिसल्याबरोबर सगळ्यांचा हात आपोआप गार पाण्याकडं गेला असणार. पाकीट तपासायला मी अशा बाया निवडल्या होत्या ज्यांना पाकिटाची गरजच नव्हती. मी उठले, त्या पोरीच्या हातातलं फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागले. जाऊ गालातल्या गालात हसत होती.

घरी आल्यावर मी छपाईवाल्याच्या नावानं बोटं मोडली, मग पाकिटाचा शोध लावणाऱ्याच्या नावानं, मग इंदूरच्या नावानं. जाऊ ऐकत होती. सगळं ओकून झाल्यावर म्हणाली, "आमच्या लाइनवर चार राज्यांची माणसं होती. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. तिथं एका ओळीत एकच काम लिहायचे आणि शेजारी चित्र. गार पाण्याची वाटी काढू, आक्का. मग चमचा, मग पातेलं." पाकिटं छापून पडलेली, ती काही फेकता येत नव्हती. म्हणून मागच्या बाजूला बसेल असं चिकटवायचं लेबल करून घेतलं. शब्द माझे, पण एकेक शब्दाला जाऊ अडवायची. "लसूण खमंग म्हणजे किती? लालसर लिहा." "थोडं मीठ नाय, सपाट चमचा लिहा." मी वैतागायची, ती हलायची नाही. गार पाण्यात कालवा ही ओळ सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठी घेतली. आधी लसणाची फोडणी, मग त्यात कालवलेलं येसर, बारीक आच, हलवत राहा, सोडून जाऊ नका, हेही लिहिलं.

लेबलं आल्यावर पुढच्या खोलीत सतरंजी टाकून बसलो आणि एकेका पाकिटावर चिकटवत गेलो. शाळा सुटल्यावर जावेची लेकही येऊन बसायची, दप्तर कोपऱ्यात टाकून. लेबल वाकडं लागलं की आईला दाखवायची आणि आई म्हणायची, "काढ, परत लाव." मायलेकी अशा शेजारी शेजारी बसलेल्या बघून माझ्या मनात एकच यायचं, हे टिकलं पाहिजे. दिवाळी आली आणि गेली. गल्लीत ऊस दिसायला लागला.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही चौथ्यांदा गुलमंडीत गेलो. मी शेठला एवढंच म्हणलं, "सूनबाईंना एकटीला करू द्या. आम्ही खालीच थांबतो." पाकीट वर गेलं. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. मी दहा वेळा उठले, जाऊ एकदाही उठली नाही. नाक वर करून मी वास घेत होते. आधी लसणाचा आला, नुसता लसणाचा. मग त्याच्या मागोमाग धन्याचा, भाजलेल्या बाजरीचा, आणि मला कळलं. जीव भांड्यात पडला.

शेठ वर जेवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा बोटं चाटून झालेली, मिशीला तेल. सून मागोमाग जिन्यावर येऊन उभी राहिली, हातात वाटी, आणि ओरडून म्हणाली, "आंटी, एक पण गोळा नाही!" शेठनं आमच्याशी चवीबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुकानातल्या माणसाला म्हणाले, "वो सामनेवाला रॅक खाली करो. वरचा नको. नजरेसमोरचा." मग माझ्याकडं वळून, "येसर ना? येसरच लिहितो बोर्डावर."

आमची पाकिटं ओळीनं उभी राहिली. एकही पडलं नाही. मी तिथंच उभी राहून बघत बसले असते, पण जावेनं ओढून बाहेर आणलं.

रस्त्यावर ऊस, बोरं, आवळे, चिंचा, तुळशीच्या लग्नाचा सगळा बाजार मांडलेला. जाऊ ऊस निवडायला लागली. मी म्हणलं, "ते राहू दे. आधी कंपनीला फोन लाव. सांग त्यांना, येत नाही म्हणून. उद्या रजा संपतीय तुझी."

"रजा कुठली, आक्का," ती ऊस वाकवून बघत म्हणाली.

"म्हणजे?"

"रजा नव्हतीच. तुम्ही ये म्हणल्या त्याच आठवड्यात राजीनामा दिला. कार्ड तवाच जमा केलं. घरात सगळ्यांना ठाऊक हाय."

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं आणि मी भर बाजारात ओरडले. "अगं बये! आणि शेठनं नाही म्हणलं असतं तर? गोळ्यांचा डबा बघितला होतास ना डोळ्यांनी? कुठं गेली असतीस तू? पोरीचं काय केलं असतंस?" ऊसवाला कोयता खाली ठेवून बघायला लागला.

"तुम्ही म्हणल्या होत्या ना, चालणार म्हणून."

"मी काय, मी काहीही म्हणते!"

"व्हय, म्हणता," ती म्हणाली. "पण येसराबद्दल नाय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिनं दोन ऊस बाजूला काढले. "सांगितलं असतं तर तुम्ही भ्याल्या असत्या. शेठ म्हणाले नाव बदला, तर नाव बदललं असतं. ते म्हणतील ते केलं असतं, माझ्यापायी. मला ते नको होतं. मी नोकरी सोडली ती तुमच्या त्या तोऱ्यावर, आक्का. तोच गेला तर काय उरलं?"

मी ऊस उचलून खांद्यावर घेतले आणि तिच्या पुढं चालायला लागले, माझं तोंड तिला दिसू नये म्हणून.